इस्तारी शाहिराच्या बांध्या

इस्तारी शाहिराची गाणी बकाशेठनं गिळली, असं आमच्या गावात अजून म्हणतात. बकाशेठ म्हणजे मी, बकाराम. शेठ हे लोकांनी मागं लावलेलं आहे, आणि ते मानानं लावलेलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गोंदियाच्या मालधक्क्यावर मी पोती वाहिली, मग पायलीपायलीनं धान विकत घेत आमगावच्या आसपासची खेडी पायाखाली घातली, आणि त्यातून रस्त्याच्या कडेला एक लहानशी राइस मिल उभी केली. कोणाचं काही फुकट घेतलं नाही. भाव पाडून घेतलं, घासाघीस करून घेतलं, पण घेतलं ते चार लोकांसमोर. तरी नाव निघालं ते असं. आता भांडायचा कंटाळा येतो. पण शाहीर कसा होता हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्याचे गोडवे गाणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

इस्तारी माझ्याहून बराच मोठा. आमची घरं एकाच बोळात. अंगानं लांब, पुढं थोडा वाकलेला, आणि तळपाय एवढे रुंद की चांभार त्याचा जोडा शिवायला नाखूष असे. तोही घालत नसे. पायात काही असलं की गाणं गावत नाही म्हणे. लोक हसत. आवाज जाडा, काठाशी जरासा फाटलेला. डफ वाजवायच्या आधी तो काडीकचऱ्याची आग करून त्याचं चामडं शेकत बसे, आणि तेवढा वेळ कोणी बोललेलं त्याला खपत नसे. बाकी सगळं खपे.

आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नसे. आमगावच्या बाजाराला तो बायकोनं मीठ सांगितलं म्हणून जाई आणि दोर घेऊन येई. दोर पाहून बायको, पार्वता वहिनी, काही बोलत नसे. शेजारून मीठ मागून आणी आणि दोर खुंटीला टांगी. त्यांच्या घरात दोर फार होते. थोरल्या मुलीच्या लग्नात तो व्याह्याचं नाव विसरला. विचारायची सोय नव्हती, म्हणून मांडवात पूर्ण दिवस त्यांना "पाहुने, पाहुने" म्हणत हात जोडून हिंडला. व्याही गावी जाऊन सांगू लागले की असा नम्र माणूस पंचक्रोशीत नाही. स्वतःच्या मुलांनाही तो "बाबू" एवढंच म्हणे. वहिनी म्हणत, "लेकराईचे नाव म्या ठेवले म्हून बरं. यानं ठेवले असते तं संध्याकाळी दुसरे ठेवा लागले असते."

यावर इस्तारी रागवत नसे. "असन कोठीतरी," तो म्हणे. "जाते कोठी."

असा माणूस आमच्या गावचा शाहीर होता. हे कसं, याचं आम्हा सगळ्यांनाच नवल वाटे. कारण खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा शाहिरांचा सामना, ही काही गंमत नव्हे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. शिंगाडे, ऊस, जिलेबीची दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि दुपारी दोन गावांचे शाहीर समोरासमोर उभे राहतात. मागं झीलकरी, म्हणजे शेवटची ओळ उचलून धरणारे. एकानं राजाराणीची एक लांब कथा गाण्यात सांगायची, मग दुसऱ्यानं. जेवणं आटोपल्यावर सुरू झालेली एक कथा उन्हं कलेपर्यंत चाले. कागद हातात घ्यायचा नाही. इस्तारीला तर वाचताच येत नव्हतं. आणि मुख्य नियम असा, की ज्याचं गाणं मधे तुटलं, त्यानं आपला डफ समोरच्या शाहिराच्या पायाशी ठेवायचा. तो डफ परत मिळत नसे. डफ गेलेला शाहीर मग दुसऱ्या कोणाच्या मागं झील धरत उभा राही, नाहीतर गाणं सोडून देई. मी दोघांना तसं गाणं सोडताना पाहिलं आहे. त्यातला एक पुढं मंडईच्या दिवशी गावात थांबतच नसे.

इस्तारीचा डफ त्याच्या गुरूचा होता. गुरूनं मरताना तो बाकीच्या हुशार शिष्यांना सोडून याला दिला. "याले काहीच आठवत नाही, म्हून हा रोज म्हनन," असं गुरू म्हणाले होते म्हणतात. आणि तो रोज म्हणे. पण नुसतं म्हणून राहील असं ते डोकं नव्हतं. त्यानं काय केलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. पण इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्याकडे धानाच्या शेताला बांध्या असतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला जमिनीचा तुकडा. तलावाचं पाणी वरच्या बांधीत येतं, तिथून धुऱ्याच्या खाचेतून खालच्या बांधीत, असं उतरत उतरत शेवटी रस्त्याशी पोचतं. प्रत्येक बांधीला नाव असतं. इस्तारी आणि त्याचा धाकटा भाऊ धोंडू यांच्या सामाईक शेतात मोहाची बांधी होती, वारुळाची होती, चिकनी, गाडनाची, आणि अगदी खाली रस्त्याला लागून बुडाची. इस्तारी पाणी सोडायला जाई तेव्हा एका बांधीत एकच कडवं म्हणे. तेच तेच, त्या बांधीत पाणी भरेपर्यंत. मग धुरा ओलांडायचा आणि दुसरं कडवं. राणीची आणि राजाची भेट मोहाच्या बांधीत. लढाई वारुळाच्या. राणीचं रडणं गाडनाच्या बांधीत, जिथं बारा महिने पाय रुतत. मंडईत उभा राहून तो डोळे मिटी तेव्हा गात नसे, पाण्यामागं चालत असे. रडण्याच्या कडव्यात तो एकदम संथ होई आणि बाया डोळ्यांना पदर लावत. शाहिराच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, असं सगळ्यांना वाटे. झालेलं एवढंच, की तिथं चिखल होता.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनींना ठाऊक होतं, बस. शाहिराला आठवत नाही हे समोरच्या शाहिराला कळलं तर तो नेमका तिथंच बोट घालणार. मलाही ठाऊक नव्हतं, आणि माझं रडगाणं इथूनच सुरू होतं.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या सुमाराला माझी मिल चालू झाली. धान उकडून, वाळवून मग भरडायचा उसना तांदूळ मला करायचा होता, आणि त्यासाठी वाळवायला पटांगण हवं होतं. मिलला लागून इस्तारीच्या खालच्या बांध्या होत्या. मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"इस्तारीभाऊ, खालच्या बांध्या दे. तलावाच्या पोटाशी तुले याच्या दीडपट जमीन घेऊन देतो. वरतून पैसे."

"नाही जमत बका."

"काऊन?"

"नाही जमत म्हनलं न."

मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि भाव वाढवला. तिसऱ्यांदा गेलो आणि पुन्हा वाढवला. आयुष्यभर मी भाव ठरवत आलो. न बोलणारा माणूस भाव चढवायला बसलेला असतो, हे मी मालधक्क्यावर शिकलो होतो. इस्तारी पाटावर बसून डफाच्या कडीला तेल लावत होता आणि मी मनात म्हणत होतो, काय पक्का आहे लेकाचा. शेवटी माझं डोकं फिरलं.

"एवढ्या पैशात तं तलाव येईन विकत. काय सोनं पुरलं का तठी तुया बापानं?"

"काही नाही पुरलं," तो म्हणाला. "चाय घेशीन?"

मी चहा न घेता उठलो. बोळातून जाताना मोठ्यानं बोलत गेलो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ते गावाच्या लक्षात राहिलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात भावाभावांची वाटणी झाली. धोंडूनं पंचांसमोर रस्त्याकडचा हिस्सा मागितला, कारण मी काय देणार हे त्याला ठाऊक होतं. पंचांनी इस्तारीला विचारलं, तुमचं काही म्हणणं? वरच्या बांध्यांना तलावाचं पाणी आधी मिळतं, जमीन काळी, म्हणजे त्याच्या वाट्याला खरं तर चांगलाच माल येत होता. तो जमिनीकडे पाहत बराच वेळ बसला आणि म्हणाला, "काही नाही." धोंडूनं गाडनाच्या बांधीपासून खालचं सगळं मला विकलं. त्या कागदावर शेजारचा हिस्सेदार म्हणून इस्तारीचा अंगठा आहे. अंगठा उठवताना मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्यानं तोंडातून एक शब्द काढला असता तर? हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आणि दर वेळी मला त्याचाच राग आला. गप्प बसणाऱ्या माणसाचं खापर बोलणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं.

मी धुरे मोडले, मुरूम टाकला, पाणी मारून चोपून घेतला. तळहातासारखं पटांगण झालं. त्या दिवसापासून इस्तारी मला बका म्हणेनासा झाला. "शेठ" म्हणू लागला आणि "तुमी" म्हणू लागला. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या गावच्या मंडईत त्याची गाठ झिंगर शाहिराशी पडली. झिंगर बोदलकशाकडचा, ठेंगणा, तरतरीत, जिभेचा तिखट. मीही गेलो होतो, तराजूच्या कामासाठी. इस्तारीनं कथा सुरू केली. राजाराणीची भेट झाली, लढाई झाली, राणी रडायला बसणार, आणि तो थांबला. झीलकऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा धरली. पुन्हा धरली. इस्तारीनं डोळे मिटले, उघडले, परत मिटले. तोंड उघडं आणि आवाज नाही. माणसं ऊस खायची थांबली.

झिंगरनं हात वर करून टाळ बंद केले. तेव्हाच डफ मागितला असता तर त्याच्या हक्काचं होतं. पण तो खेळाडू माणूस. तो म्हणाला, "आज तुमाले ताप दिसते शाहीर. परक्या गावात कोनाचा डफ घ्याव, हे मले पटत नाही. दहा रोजानं तुमच्या गावची मंडई आहे. तठी हेच गानं म्हना. सरलं तं मी तुमच्या पाया पडीन. अटकलं तं डफ माह्या." सभा हो म्हणाली. इस्तारीनं मान हलवली.

त्यानंतर तीनचार दिवसांनी माझ्या मिलचा मिस्त्री, रायपूरकडचा होता, माझ्याकडे आला. "सेठजी, वो लंबावाला बुढ्ढा रोज सबेरे आता है. आपके आँगन में चलता है. चलते-चलते बीच में पैर ऐसे उठाता है जैसे कुछ लाँघ रहा हो. दिमाग ठीक है ना उसका?"

मी म्हटलं उद्या बघतो. खरं सांगायचं तर मला वाटलं, जमिनीवर वहिवाट दाखवायचा हा काही तरी डाव आहे. धोंडूनं विकली, मी नाही, असा दावा उद्या लावेल. सकाळी मी काठी घेऊनच गेलो. तो पटांगणाच्या मधोमध उभा होता, डोळे मिटून, अनवाणी. सपाट जमीन. त्यानं उजवा पाय गुडघ्याएवढा उचलला, पुढं टाकला, आणि पुटपुटू लागला.

"काय करून राहिला इस्तारीभाऊ माह्या जागेत?"

त्यानं डोळे उघडले. घाबरला नाही, नुसता थकलेला दिसला. मग तिथंच खाली बसला आणि मला सगळं सांगितलं. बांध्या, पाणी, कडवी. सांगताना बोटानं मुरमावर रेघा मारत होता, हा मोहाचा धुरा, हा इकडून. मी ऐकत गेलो तसा माझा राग वाढत गेला.

"मंग इकताना काऊन नाही बोलला? पंचाइसमोर काऊन नाही बोलला? मी तीन खेपा तुया ओसरीवर आलो होतो."

"बोललो असतो तं तुमी हासले असते शेठ."

मी खोटं बोलत नाही. "हासलो असतो," म्हटलं.

"मंग."

मी काठी खाली ठेवली. तो म्हणाला, "घरी डोरे मिटले तं अठीचं हे पटांगनच दिसते. धुरे दिसतच नाही. अठी आलो तं पायाले लागतात. पाय विसरले नाही अजून. पन दुसऱ्या जागी पुरतं गानं नाही सरत, गाडनाच्या बांधीत येऊन तुटते."

"मी आता धुरे घालून देऊ काय परत?"

"नको. मंडईची गंमत अठी होऊ द्या. बस तेवढं."

आता ऐका. मंडईच्या दिवसांत माझ्या पटांगणात उकडलेलं धान पसरलेलं असतं. ते गोळा करून ओलंच शेडमध्ये ढीग घातलं तर आतून तापतं, वास मारतं, तांदूळ पिवळा पडतो. इस्तारीला हे माहीत नव्हतं असं नाही. मी उभा राहिलो आणि माझ्यातला जुना माणूस जागा झाला. काही न घेता मी काही देत नाही. पैसे त्याच्याकडे मागण्यात अर्थ नव्हता, आणि मला ते नकोही होते. मला जे हवं होतं ते गावात एकट्या त्याच्याजवळ होतं.

"देतो," मी म्हटलं. "पन शेवटच्या कडव्यात माह्यं नाव आलं पायजे. शेठ नाही, बकाराम. कोनाच्या अंगनात गानं झालं हे लोकाइले समजलं पायजे."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. "नाव कोठी ठेवू? बुडाच्या बांधीत तं राजाची घरवापसी आहे. तिच्यापुढं बांधीच नाही, रस्ता आहे."

"मंग रस्त्यावर ठेव."

"रस्त्यावर नाही रायत काही. कोनाचंही पाऊल पडते."

मला वाटलं, घासाघीस करतो आहे. जन्मभर हेच ऐकत आलेल्या कानांना दुसरं काय वाटणार. "नाव येत असन तं पटांगन आहे. नाहीतर नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. त्यानं तिथल्या तिथं ओळ जुळवली:

आमगावच्या वाटंवर, बकारामाचे अंगनी,
कथा सरली राजाची, ऐका बाया, ऐका गुनी.

मला ती फार आवडली. मी घरी येऊन बायकोला म्हणून दाखवली.

मंडईच्या दिवशी मी धान शेडमध्ये कोंबलं, मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. दुपारी सगळं गाव पटांगणाच्या कडेनं बसलं. झिंगर आपली माणसं घेऊन समोर. इस्तारीनं आग करून डफ शेकला. तो उठला आणि, एरवी जागेवर उभा राहून गाणारा माणूस, चालत गाऊ लागला. वरच्या बाजूच्या भिंतीशी सुरुवात केली. डोळे मिटलेले. वरच्या बांध्या तर त्याच्या वाट्याच्या, भिंतीपलीकडं. त्या त्यानं भिंतीशी उभं राहूनच सारल्या. भेट झाली, लढाई झाली. मग त्यानं पाय उचलला आणि माझ्या मुरमावर टाकला, आणि राणी रडू लागली.

लोकांना वाटलं ही नवी चाल काढली. झीलकरीही त्याच्यामागं पाय उचलू लागले, चुकीच्या जागी, आणि पोरं हसली. तो मात्र बरोबर जागीच उचलत होता. मी धुरे मोडले होते, मला ठाऊक होतं कुठं होते. बसल्याजागी माझाही पाय त्याच्याबरोबर उचलला जात होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भाव ठरताना मला कधी तसं झालं नाही.

तो बुडाच्या बांधीत आला. राजा घरी आला, राणीनं ओवाळलं. इस्तारी पटांगणाच्या काठावर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तिथं माझी ओळ यायची होती. मी पुढं होऊन बसलो. नवीन कोट घातला होता.

"आमगावच्या वाटंवर," तो गायला. झीलकऱ्यांनी धरलं. "आमगावच्या वाटंवर." पुन्हा धरलं.

आणि मला दिसलं की त्याला पुढं काही नाही. त्याचा पाय पुढं चाचपत होता, रस्त्याच्या धुळीत. चेहऱ्यावर तेच, शेजारच्या गावी होतं तेच. वहिनी बायांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढं काय यायचं आहे हे त्या सभेत मला, माझ्या बायकोला आणि शाहिराकडून ऐकलेल्या वहिनींनाच माहीत होतं. झिंगरनं मान वर केली. त्याला शंका आली होती, पण कथा तर सरली होती. हे तुटलं की संपलं, हे त्याला कळेना.

मी तिथल्या तिथं उठून "माह्यं नाव रायलं" म्हटलं असतं, तर गाणं तुटलं ठरलं असतं आणि डफ गेला असता. तो माझा हक्क होता. सौदा झाला होता, माझं धान शेडमध्ये तापत होतं. मी माणूस कसा आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. एका पायलीत मूठभर कमी भरलं तर मी पोतं पालथं करतो.

मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्यानं. संपलं म्हणून. माझ्यामागं सगळ्यांनी वाजवल्या. झिंगर उठला, पुढं आला आणि बोलल्याप्रमाणे इस्तारीच्या पाया पडला. इस्तारीनं डफ छातीशी धरला होता आणि लोकांकडे असा पाहत होता, जसा झोपेतून उठलेला माणूस पाहतो.

धान निम्मं पिवळं पडलं. ते मी हलक्या भावात फुंकलं. तो सौदा सोडून मी आयुष्यात कोणताही सौदा तोंड मिटून बुडू दिलेला नाही. त्याबद्दल त्यानं मला कधी काही म्हटलं नाही, आभार नाही, माफी नाही. मला वाटतं, नाव राहिलं हे त्याला कळलंच नाही. वहिनींनी एकदा शिंगाडे पाठवले. गावानं तर वेगळीच गोष्ट धरली: शेठनं शाहिराची जमीन घेतली आणि त्याच्या छातीवर मंडई भरवली, स्वतः पुढं बसून टाळ्या पिटल्या. हे मी दुकानात, बाजारात, तेरवीच्या पंगतीला, सगळीकडे ऐकलं. उत्तर दिलं असतं तर त्याचं विसरणं सांगावं लागलं असतं. म्हणून दिलं नाही. आधी राग यायचा. मग नुसतं दमायला होऊ लागलं.

इस्तारी त्यानंतर थोडी वर्षं गायला, छोटी गाणी, वरच्या बांध्यांत मावतील एवढी. डफ पुढं त्याच्या जावयाकडे गेला. वहिनी वारल्यावर त्याचं बाकीचंही विसरणं वाढलं. घर विसरे. कोणी तरी हात धरून बोळात आणून सोडी.

मी त्याला नीट पाहिलं ते शेवटचं, महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात. दुपारची वेळ होती, पटांगणभर धान पसरलेलं होतं आणि बाया दाताळ्यानं ते खालीवर करत होत्या. तो रस्त्यानं न येता वरच्या बाजूनं, भिंतीच्या फटीतून आला. धानावर पाय देऊ लागला तशी एक बाई ओरडणार होती. मी हातानं गप्प केलं. तो चालत आला. आवाज नव्हता, ओठ हलत होते. पाय आता गुडघ्याएवढा उचलत नव्हता, जरासाच, पण उचलत होता.

काठावर येऊन थांबला. खूप वेळ थांबला. ऊन मी म्हणत होतं. मी पोत्यांच्या सावलीतून उठून त्याच्याजवळ गेलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी, न चाचपडता, म्हणाला,

"बकाराम, अठी काही होतं काय गा? पुढं?"

"काही नव्हतं इस्तारीभाऊ," मी म्हटलं. "गानं अठीच सरते."

"बरं झालं," तो म्हणाला. "मले वाटलं, कोनी सुटलं."

आणि धानातून बाहेर पाय काढून तो रस्त्याला लागला. गाव डावीकडे होतं, तो उजवीकडे निघाला. मी मिस्त्रीला त्याच्यामागं पाठवलं.